शेवटच्या पानावर सही दिसते का?

शिट्टीताई चिडल्या की ओरडत नाहीत. चष्मा काढतात, रुमालाने पुसतात, परत नाकावर ठेवतात आणि समोरच्याकडे अशा बघतात, की आपल्या शर्टाचं बटण उघडं आहे की काय असं त्याला वाटायला लागतं. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असा चष्मा पुसल्याचं लोकांनी फार तर चार-पाचदा पाहिलं असेल. त्या शुक्रवारी मात्र त्यांनी तो सहा वेळा पुसला, आणि सातव्यांदा पुसायला गेल्या तर काडीच हातात आली. गोष्ट त्या शुक्रवारचीच आहे. पण आधी बाई कोण ते सांगायला हवं.

बाई कोर्टाच्या फॅक्स खोलीतल्या. खोली तळमजल्यावर, जिन्याखाली, एक खिडकी आणि तीही मोटारसायकलींच्या रांगेकडे तोंड करून. न्यायाधीश वर हुकूम देतात, टंकलेखक तो टाइप करतो, सही-शिक्का होतो आणि कागद खाली ताईंकडे येतो. तिथून तो तुरुंगात, पोलीस ठाण्यात, दुसऱ्या कोर्टात, जिथे जायचा तिथे जातो. ताई नोकरीला लागल्या तेव्हा टेबलावर नुसतं मशीन होतं. नंबर फिरवला की पलीकडचं मशीन शिट्टी घालायचं, मग इकडचं घालायचं, मग दोन्ही मिळून खरखर करत बसायची. ती शिट्टी ऐकून ताई पाठ फिरवूनही सांगायच्या, "जमलं यांचं," किंवा, "छे, रुसलंय ते, परत लावा." त्यावरून त्यांना शिट्टीताई म्हणायला लागले. त्यांचा नवरा, म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर, आयुष्यभर हॉर्न वाजवून थकलेला माणूस, तो म्हणायचा, "अगं, एका घरात हॉर्न आणि शिट्टी दोन्ही. शेजाऱ्यांनी जगायचं कसं?"

पुढे फॅक्स सर्व्हर आला. म्हणजे एक काळं खोकं, त्याला चार टेलिफोनच्या तारा, आणि कागद आता खोक्यात जाऊन आपापल्या नंबराने रांगेत उभे राहायला लागले. खोक्याची देखभाल करायला एक म्हातारे गृहस्थ होते, सगळे त्यांना मशीनमास्तर म्हणत. त्यांनी ताईंना शेजारी बसवून काळी स्क्रीन उघडली आणि म्हणाले, "बाई, आता शिट्टी ऐकू येणार नाही. आता डोळ्यांनी ऐकायचं. लिहा. फॅक्सस्टॅट, मग जागा सोडा, डॅश, एस." ताईंनी लिहिलं. एंटर दाबला. स्क्रीनवर ओळी उतरल्या. प्रत्येक कागदाचा नंबर, तो कुठे चाललाय तो फोन नंबर, पानं किती गेली, किती वेळा लावून पाहिलं, आणि शेवटी कारण. लाइन व्यस्त. कुणी उचलत नाही. पुढच्या प्रयत्नाची वाट. "ही चालू रांग," मास्तर म्हणाले. "आणि एसच्या जागी डी लावलात की निकालात निघालेले कागद दिसतील. त्यात पोचलेलेही असतात आणि मेलेलेही. बारा वेळा लावून पाहतो, तेराव्यांदा नाही. मग तो नाद सोडतो. म्हणून नुसतं रांगेत नाही एवढं बघून उठायचं नाही, शेवटचा रकाना वाचायचा. समजलं?"

ताईंना समजलं. इतकं समजलं की त्यांनी त्यावर आपलं एक जास्तीचं काम जोडलं. काळ्या स्क्रीनवर 'पोचला' दिसलं तरी त्या फोन उचलायच्या, पलीकडच्या कारकुनाला लावायच्या आणि तीन प्रश्न विचारायच्या. मिळालं का? पानं किती? शेवटच्या पानावर सही दिसते का? कारण सही दिसली नाही तर तुरुंगवाले तो हुकूम मानत नाहीत, आणि 'दिसत नाही' हे आपण होऊन कळवण्याचे कष्टही घेत नाहीत. तीन प्रश्नांना तीन उत्तरं मिळाली की ताई वहीत बरोबरची खूण करायच्या, लाल शाईने. पलीकडचा नंबर बदलला तर तोही त्याच वहीत, त्याच लाल शाईने. अठरा वर्षं त्यांनी हे केलं आणि या अठरा वर्षांत जिन्याखालच्या खोलीतून निघालेला एकही कागद हरवला नाही. याबद्दल कुणी त्यांचं कौतुक केलं असं नाही. न हरवलेला कागद कुणाच्या डोळ्यांत भरतो?

मग पाच आठवड्यांपूर्वी पॅनेलसाहेब आले.

हे कोर्टाच्या यंत्र विभागाचे नवे अधिकारी. चांगले शिकलेले, नीट कपड्यातले, बोलायला गोड. त्यांनी एक पॅनेल आणलं. भिंतीएवढ्या मोठ्या पडद्यावर प्रत्येक कागदापुढे एक गोल, पिवळा असला तर रांगेत, हिरवा झाला की गेला. रजिस्ट्रारसाहेब, म्हणजे कोर्टाच्या सगळ्या कारभाराचे प्रमुख, ते हिरवे गोल बघून इतके खूश झाले की पाहुणे आले की आधी तिकडेच न्यायला लागले. ताईंची बदली समोरच्या नकला विभागात झाली. लोकांना निकालाच्या प्रती काढून द्यायच्या, शिक्का मारायचा, झालं. त्यांचा बाहेरचा फोन काढून घेतला, कारण आता विचारायची गरजच काय, हिरवं दिसतंय ना! आणि लाल शाईची वही? पॅनेलमध्ये नंबर भरताना ताईंनी ती समोर धरली होती. पॅनेलसाहेब हसून म्हणाले, "ताई, हातानं लिहिलेलं कसं धरणार? छापील यादी आहे ना भिंतीवर."

"ती यादी जुनी आहे," ताई म्हणाल्या.

"पण अधिकृत आहे," साहेब म्हणाले. तिथे विषय संपला.

घरी नवरा म्हणाला, "तीन वर्षं राहिलीत निवृत्तीला. गप्प बसून काढ. आपण चालवत नसलेल्या गाडीला ब्रेक मारत बसू नये." ताईंनी बसायचं ठरवलं. खरंच ठरवलं होतं हो. चार आठवडे आणि चार दिवस बसल्याही.

शुक्रवारी साडेअकराला नकला विभागाच्या खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. हात असे, की रोज गरम पाण्यात आणि साबणात असणार हे लांबूनच कळावं. लाँड्रीत कामाला होती ती. हातात कापडी पिशवी, आणि पिशवी तिने अशी आडवी धरली होती की आतलं काही चुरगळू नये.

"ताई, इथे हुकमाचं बघतात का?"

"इथे नकला मिळतात. तुम्हाला काय हवंय?"

"माझा भाऊ," ती म्हणाली, आणि मग एका दमात सांगत सुटली, बहुतेक दहाव्यांदा सांगत होती म्हणून. भाऊ बेकरीत भट्टीवर कामाला. मारामारीचा भलताच आळ आला, सात महिने तुरुंगात. गेल्या आठवड्यातल्या बुधवारी न्यायाधीशांनी सोडला. "माझ्यासमोर म्हणाले ते. सोडा म्हणाले. मी त्याच दिवशी त्याचा शर्ट-पँट इस्त्री करून तुरुंगाच्या दारात गेले. ते म्हणतात हुकूम आलेला नाही. इथे आले तर म्हणतात गेला. परत तिथे गेले, आला नाही. परत इथे, गेला. नऊ दिवस झाले ताई. रोज सकाळी तिथे, दुपारी इथे. शर्ट रोज परत इस्त्री करते मी."

"कागद हातात घेऊन कोर्टाचा शिपाई जातो की," ताई म्हणाल्या.

"विचारलं ना मी. म्हणाले, फॅक्स गेला नाही तरच शिपाई जातो. फॅक्स गेलाय. दोनदा परत पण पाठवला, माझ्यासमोर. हिरवं झालं ते. मी पाहिलं." मग तिचा आवाज खाली गेला. "आज महिन्यातला शेवटचा शुक्रवार. तुरुंगात गर्दी झालीय म्हणून आज पाच वाजता काही जणांना गाडीनं लांबच्या तुरुंगात हलवणार आहेत. दिवसभराचा प्रवास आहे तिकडचा. यादीत त्याचं नाव आहे. तो तिकडे गेला की हा हुकूम चालणार नाही म्हणे, त्या तुरुंगाच्या नावाने नवा काढायचा. महिना लागेल, दोन लागतील. काय करू मी, सांगा ना!"

ताईंनी चष्मा काढला आणि पुसला. हा पहिल्यांदा.

पॅनेलसाहेबांची खोली दुसऱ्या मजल्यावर. ताई वर गेल्या, सगळं सांगितलं. साहेबांनी कटकट केली नाही, अगदी आनंदाने पडद्यावर दाखवलं. "हे बघा. हाच ना हुकूम? हिरवा. परवा परत पाठवला, हिरवा. काल परत, हिरवा. तीनदा गेलाय ताई. आता तुरुंगवाले कागद हरवतात त्याला आपण काय करणार?"

"हिरवा कधी होतो हा?"

"गेला की."

"गेला हे त्याला कसं कळतं?"

"रांगेतून बाहेर पडला की कळतं. रांगेत असेपर्यंत पिवळा, रांगेतून निघाला की हिरवा. सोपं आहे."

मास्तरांची बोटं ताईंच्या डोळ्यांपुढे आली, एसच्या जागी डी लावणारी. "अहो साहेब," त्या म्हणाल्या, "रांगेतून तर कंटाळून घरी गेलेला माणूसही बाहेर पडतो. तो खिडकीपाशी पोचला असं धरायचं का?"

"ताई, तुम्ही नकलांचं बघा," साहेब म्हणाले. गोड आवाजातच म्हणाले. चष्मा पुसायची ती दुसरी वेळ.

आता जिन्याखालच्या त्या खोलीत मोडक्या खुर्च्या भरल्या होत्या. पण कोपऱ्यात ताईंचं जुनं टेबल होतं आणि टेबलावर जुनी स्क्रीन तशीच होती. ती काढायला कुणी आलंच नव्हतं, कारण ती कशासाठी होती हेच कुणाला माहीत नव्हतं. ताईंनी दोन खुर्च्या बाजूला ओढल्या, तिसरीवर रुमाल टाकून बसल्या. आपलं नाव घातलं, खुणेचा शब्द घातला. मशीनने ओळखलं. पाच आठवड्यांत माणसांनी विसरून टाकलं होतं, मशीनला मात्र ताई पाठ होत्या. फॅक्सस्टॅट, जागा, डॅश, डी.

ओळी उतरल्या. ताईंनी शेवटचा रकाना वाचला. आणि अंगाचा तिळपापड म्हणजे काय ते त्यांना त्या क्षणी कळलं. लाँड्रीवालीच्या भावाचा हुकूम तीनदा रांगेत लागला होता आणि तिन्ही वेळा मेला होता. बारा प्रयत्न, पाठवलेली पानं शून्य. कारण: पलीकडून फॅक्सचा आवाज नाही. त्याच्या वर तेच, आणखी वर तेच. ताई ओळीवर बोट ठेवून वर वर गेल्या. तुरुंगाकडे गेलेला प्रत्येक कागद असाच मेलेला. आणि फोन नंबराच्या शेवटी बेचाळीस. तुरुंगाचा नंबर दोन वर्षांपूर्वी बदलला, शेवटी अठरा झाले, हे ताईंच्या वहीत लाल शाईत होतं. पण भिंतीवरच्या छापील यादीत बेचाळीसच होते. अधिकृत ना!

मग हा बेचाळीसवाला कोण? ताईंनी स्वतःच्या मोबाइलवरून लावला. दुसऱ्या रिंगला कुणीतरी उचलला आणि ताईंनी 'हॅलो' म्हणायच्या आत पलीकडून भडका उडाला.

"परत! परत तुम्ही! घाला शिट्टी, घाला! कानाचे पडदे फाटले माझ्या!"

"अहो, ऐका तरी, मी शिट्टी घालत नाहीये—"

"आज बाई बोलतेय! म्हणजे माणूस आहे तर पलीकडे! बाई, मी शिंपी आहे. गिऱ्हाइकाच्या मानेला टेप लावलेला असतो आणि तुमचा फोन वाजतो. उचलला की कर्रर्र. ठेवला की पाच-दहा मिनिटांत परत. काय वैर आहे तुमचं माझ्याशी?"

"दादा, ते फोन कोर्टाचं मशीन करत होतं. चुकून. तुमच्याकडे कागद पाठवत होतं."

शिंप्याचा आवाज उतरला. मग म्हणाला, "कोर्टाचं? मला वाटलं समोरचा ड्रायक्लीनर मुद्दाम करतोय. त्याच्याशी बोलणं बंद केलंय मी महिनाभर."

"किती फोन आले असतील?"

"असतील काय? लिहून ठेवलेत. मापाच्या वहीच्या मागच्या पानावर. तारीख घालून, पाच-पाचच्या जुड्या करून. तक्रार करणार होतो ना मी! थांबा." पानं उलटल्याचा आवाज. "दोनशे अडतीस."

ताईंनी स्क्रीनवरच्या मेलेल्या ओळी मोजल्या. वीस. वीस बारा दोनशे चाळीस. "दादा, दोन कमी येतायत."

"एकदा जेवायला गेलो होतो," शिंपी जरा वरमून म्हणाला.

हसू आलं असतं ताईंना, एरवी आलंच असतं. पण वीस ओळी समोर होत्या. त्यातल्या तीन एकाच माणसाच्या, दोन दुसऱ्या एकाच्या. म्हणजे सतरा माणसं. न्यायाधीशांनी सोडलेली सतरा माणसं, आणि त्यांच्या सुटकेचे हुकूम एका शिंप्याच्या कानात शिट्ट्या होऊन विरले होते. यात बड्या वकिलांचा एकही अशील नव्हता बरं का. त्यांचे वकील वर जाऊन अर्ज देतात, मग शिपाई कागद खिशात घालून स्वतः जातो. या सतरांच्या मागे कुणी नव्हतं. फार तर एखादी बहीण, इस्त्री केलेला शर्ट घेऊन दारात उभी.

रजिस्ट्रारसाहेबांपुढे ताई दीड वाजता उभ्या राहिल्या. पॅनेलसाहेबही बोलावले गेले. ताईंनी कागदावर उतरवून आणलेल्या वीस ओळी टेबलावर ठेवल्या, वही उघडून लाल शाई दाखवली, शिंप्याचं सांगितलं. पॅनेलसाहेबांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. पण ते म्हणाले काय? ते म्हणाले, "सर, पहिला प्रश्न हा आहे की यांनी काळी स्क्रीन कोणाच्या परवानगीने उघडली?"

बघा! घर पेटलंय म्हणून कुणी आरोळी ठोकावी आणि घरमालकाने विचारावं, माझ्या अंगणात तू कशाला आलीस!

"साहेब, माणसं आत आहेत," ताई म्हणाल्या. "सोडलेली माणसं आत आहेत. परवानगीचं नंतर बघा."

रजिस्ट्रारसाहेब तसे वाईट नव्हते. नुसते सावध होते, आणि कधी कधी त्याचा ताप वाईटपणापेक्षा जास्त होतो. त्यांनी वीस ओळी वाचल्या, पडद्याकडे पाहिलं, दोनदा खोकले. "हे गंभीर आहे. अहवाल मागवू. सोमवारी बसू."

"आज पाचला गाडी सुटतेय."

"म्हणून काय घाईत आणखी एक चूक करायची? पॅनेलमधला नंबर बदलायला कंपनीचा माणूस लागतो. तो सोमवारी येईल."

"मग शिपाई द्या."

"नोंदीत फॅक्स गेलेला दिसतोय, ताई. गेलेल्या फॅक्ससाठी शिपाई कसा देणार?"

ताईंनी सातव्यांदा चष्मा काढायला हात नेला आणि काडी निसटून हातात आली. त्यांनी काडी पर्समध्ये टाकली, एका काडीचा चष्मा नाकावर बसवला आणि वळल्या. त्या दारात पोचल्या तेव्हा पॅनेलसाहेब म्हणत होते, "सर, मेमो द्यायला हवा." ताईंनी ऐकलं. ऐकलं आणि चालत राहिल्या.

नकला विभागात बदली करून त्या लोकांनी एक मोठीच चूक केली होती. सगळ्या हुकमांच्या सही-शिक्क्याच्या प्रती आता ताईंच्याच कपाटात होत्या. त्यांनी बेकरीवाल्याचा हुकूम काढला, दोन पानं, स्कॅन केला आणि जिन्याखाली गेल्या. लाँड्रीवाली पाठोपाठ आली, खुर्च्यांच्या ढिगापाशी पिशवी आडवी धरून उभी राहिली. तिला घालवावं असं ताईंना वाटलं नाही. पावणेतीन झाले होते.

पाठवायची कमांड त्यांनी टाइप केली, नंबर घातला, शेवटी अठरा. एंटर. मग फॅक्सस्टॅट, डॅश, एस. कागद रांगेत, पुढे चार. परत तेच. पुढे तीन. "काय म्हणतंय?" लाँड्रीवालीने विचारलं. "पुढे लोक आहेत म्हणतंय." परत. लाइन व्यस्त, पाच मिनिटांनी प्रयत्न. ताईंनी मनातल्या मनात तुरुंगाच्या टेलिफोनला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. परत. लावतोय. परत. पान एक. परत. पान दोन. मग ओळ रांगेतून नाहीशी झाली. लाँड्रीवालीने श्वास सोडला.

"थांब," ताई म्हणाल्या. एसच्या जागी डी. शेवटचा रकाना. दोन पानं, पोचली.

मोबाइलवरून तुरुंग. "कोर्टातून बोलतेय. मिळालं का?"

"ताई?" पलीकडचा कारकून म्हणाला. "अहो, होतात कुठे? महिनाभर फोन नाही. मला वाटलं सुटलात तुम्ही."

"मिळालं का?"

"मिळालं."

"पानं किती?"

"दोन."

"शेवटच्या पानावर सही दिसते का?"

कागद उजेडात धरल्याचा आवाज ऐकू आला. "नाही हो. शिक्का आहे. सहीच्या जागी नुसता धूर."

न्यायाधीशांचं पेन फिकट निळं, आणि स्कॅनरला फिकट निळं दिसत नाही, हे ताईंना अठरा वर्षांपासून माहीत होतं आणि घाईत तेच त्या विसरल्या होत्या. स्वतःवरच अशा चिडल्या, की लाँड्रीवाली दोन पावलं मागे सरकली. धावत नकला विभाग. छपन्नाव्या वर्षी, एका काडीच्या चष्म्याने, धावत. झेरॉक्सचा काळेपणा शेवटपर्यंत वाढवला, प्रत काढली, सही कोळशाने काढल्यासारखी उमटली. धावत जिना. स्कॅन. कमांड. अठरा. एस. पुढे दोन. एस. पुढे एक. एस. व्यस्त. एस. एस. एस. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा. पान एक. पान दोन. डी.

"मिळालं का? पानं किती? शेवटच्या पानावर?"

"दिसते," कारकून म्हणाला. "चांगली ठसठशीत दिसते. ताई, हा माणूस गाडीच्या यादीत आहे, उतरवून घेतो खाली." मग जरा चाचरत त्याने विचारलं, "आमच्याकडे कुणी काही विचारलंच नाही महिनाभर. आम्हाला वाटलं, सोडत नसतील कुणाला."

लाँड्रीवालीने पिशवी उघडून शर्टाची कॉलर नीट केली, मिटली आणि बसच्या थांब्याकडे पळाली. पाच वाजून वीस मिनिटांनी तिने कुणाच्या तरी फोनवरून ताईंना कळवलं, आला म्हणून. शर्ट ढगळ होतो म्हणाली, सात महिन्यांत इतका उतरला. आणि मग रडायलाच लागली, म्हणून फोनवाल्याने फोन परत घेतला.

ताई घरी गेल्या नाहीत. कपाटातून बाकीचे सोळा हुकूम काढले, सोळांच्या काळ्याभोर प्रती काढल्या, एकेक पाठवला, एकेकाची ओळ शेवटपर्यंत पाहिली आणि एकदाच तुरुंगाला फोन लावून सोळांची चौकशी केली. कारकून नावं वाचत गेला. हा आहे, उद्या सकाळी सोडतो. हा आहे. हा आहे. अकराव्या नावाला तो अडखळला.

"हा इथे नाही. मागच्या महिन्याच्या गाडीत गेला."

"हुकूम कधीचा आहे त्याचा?"

"कागदावर तारीख आहे. गाडीच्या आदल्या दिवशीची."

ताईंनी वहीत त्या नावापुढे खूण केली नाही. जागा कोरी ठेवली.

सोमवारी मेमो आला. विनापरवानगी यंत्रणा हाताळली, वरिष्ठांचा आदेश डावलला, खुलासा सादर करावा. नवरा सकाळी दारात चपला घालत असताना म्हणाला होता, "माफी मागून मोकळी हो," आणि मग ताईंच्या तोंडाकडे बघून म्हणाला होता, "बरं, नको मागू. चष्म्याची काडी तेवढी लावून घे." ताईंनी खुलासा लिहिला. तीन पानं. पहिल्या पानावर वीस ओळी, शेवटच्या रकान्यासकट. दुसऱ्या पानावर सतरा नावं, प्रत्येकापुढे सुटकेच्या हुकमाची तारीख आणि खऱ्या सुटकेची तारीख. अकराव्या नावापुढे दुसरी तारीख नव्हती. तिसऱ्या पानावर एकच वाक्य: अकराव्या नावाचा नवा हुकूम आजच काढून शिपायाच्या हाती पाठवावा. खाली सहीची जागा. ताईंची नव्हे, रजिस्ट्रारसाहेबांची.

कागद वर गेला. ताईंनी दहा मिनिटं वाट पाहिली आणि टेबलावरचा आतला फोन उचलला.

"साहेब, नकला विभागातून बोलतेय. मिळालं का?"

"मिळालं," रजिस्ट्रारसाहेब म्हणाले.

"पानं किती?"

"तीन."

"शेवटच्या पानावर सही दिसते का?"

ताईंनी फोन ठेवला नाही. पाठ ताठ ठेवून, कान लावून त्या तशाच बसून राहिल्या. तारेवर आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग ड्रॉवर उघडल्याचा. आणि मग टोपण काढलेलं पेन कागदावर टेकलं.